आपल्या घोड्यावर परका माणूस

इथे ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शोमध्ये परीक्षक स्वतः तुमच्या घोड्यावर बसतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी परवा आमच्या कॉबच्या (दणकट, आखूड पायांच्या घोड्याच्या) वेळी ते प्रत्यक्ष घडलं तेव्हा पोटात गोळा आला. महिनोन्महिने ज्याला खरारा केला, ज्याची प्रत्येक खोड पाठ झाली, त्याच्यावरून रिंगच्या मधोमध उतरायचं, लगाम एका अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा आणि बाजूला उभं राहायचं. "उजवीकडे वळताना जरा जड जातो हं," एवढंसुद्धा सांगायचं नाही. तो रिकिबीचे पट्टे आपल्या मापाचे करून घेतो, चाल, दुडकी, कँटर (हलकी दौड) करतो, घोडा थोडा पळवून बघतो आणि उतरतो. तेवढ्यावरून लागलेला क्रम बदलतो.

सगळ्या वर्गांत असं नसतं. पोनींवर परीक्षक बसत नाहीत. पण हंटर (शिकारीच्या दौडीचे घोडे), हॅक (नाजूक, डौलदार सवारीचे), कॉब, रायडिंग हॉर्स या वर्गांत बसतात. पद्धत अशी की आधी सगळे घोडे एकत्र फिरवतात आणि परीक्षक त्यातून पहिली रांग लावतो. मग स्वारी. त्यानंतर खोगीर उतरवून घोड्याची ठेवण, पायांची रचना आणि सरळ रेषेतली दुडकी बघतात, आणि मग शेवटचा निकाल. परवा पहिल्या रांगेत वरच्या टोकाला उभा असलेला देखणा घोडा परीक्षकाखाली डोकं झटकू लागला, कँटरला पाठ उचलू लागला, आणि त्याला बरंच खाली जावं लागलं. त्याच्या मालकाने हॅट उचलून आभार मानले, बस्स. हुज्जत नाही, चेहरा पाडणं नाही. आमचा कॉब मधल्या जागेवरून वर येऊन तिसरा आला. इथे पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळं आणि तिसऱ्याला पिवळं रोझेट (फितीचं फूल) मिळतं. ते पिवळं रोझेट मी जीन ठेवायच्या खोलीत टांगलं आहे.

मला हा नियम मनापासून आवडतो. चांगला स्वार वाईट घोड्याचे दोष झाकू शकतो. इथे ते चालत नाही. घोडा दुसऱ्या कोणालाही नीट बसू देतो का, हीच खरी परीक्षा. म्हणजे हिवाळाभर आपण जे काम केलं, ते स्वतःसाठी नव्हतंच. आपण त्याला दुसऱ्याच्या हातासाठी तयार करत होतो.

त्या दिवशी माझ्याकडे तीन घोडे होते, आणि तिन्ही आमच्या यार्डाच्या (तबेल्याच्या) मालकीणबाईंचे. कॉब, एक कॉनेमारा पोनी आणि रेसमधून निवृत्त झालेला एक थरोब्रेड. शोच्या वर्गात सगळे घोडे एकाच वेळी रिंगमध्ये असतात, म्हणून एका स्वाराला एका वर्गात एकच घोडा नेता येतो. दोन कॉब असते तर दुसरा स्वार शोधावा लागला असता. जंपिंगचं तसं नाही. तिथे एकेक जण आत जातो, त्यामुळे एकाच वर्गात मी दोन घोडे घेऊन उतरू शकते. फक्त कलेक्टिंग रिंगजवळच्या, म्हणजे आत जाण्याआधी घोडे थांबतात त्या जागेजवळच्या फळ्यावर आपले नंबर अंतर ठेवून लिहावे लागतात. तिथलं कामकाज बघणाऱ्या स्टुअर्डबाईंना माझा कॉबचा वर्ग लांबलाय हे कळलं तेव्हा त्यांनी न सांगता माझा नंबर खाली ढकलला. वर म्हणाल्या, "श्वास घे आधी." रिंगमध्ये खोगीर उतरवताना मदतीला माणूस लागतो. आमचा माणूस दुसऱ्या घोड्यापाशी अडकला होता, तर शेजारच्या स्पर्धकाची मैत्रीण ब्रशची बादली घेऊन धावत आली. ते आमच्याविरुद्धच उतरले होते, तरीही.

जंपिंगची खरी मेहनत कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, आधी पायी फिरताना असते. घोड्याचं कँटरचं एक पाऊल साधारण १२ फुटांचं धरतात, म्हणजे माणसाची तीन-तीन फुटांची चार पावलं. दोन अडथळ्यांमध्ये ६० फूट असतील तर उडीनंतर उतरण्याचे सहा फूट आणि पुढच्या उडीआधीचे सहा फूट सोडून मध्ये चार पावलं बसतात. थरोब्रेडला त्या चार पावलांना जागा अपुरी पडते. रेसच्या सवयीने तो अंग लांब करून धावतो, त्याला थोपवून धरावं लागतं. कॉनेमाराची पावलं आखूड, त्याच्यासाठी पाच मोजायची. कोर्स एकदाच फिरायचा, पण डोक्यात दोन हिशेब घेऊन. काठी पडली तर चार फॉल्ट (दंडाचे गुण). थरोब्रेडने शेवटच्या अडथळ्यावर एक पाडली, पोनीने एकही न पाडता क्लिअर राउंड दिला.

एक गोष्ट मात्र मला खटकते: बाह्य नटवेपणाचं एवढं स्तोम. कॉबची आयाळ मुळापासून भादरलेली हवी, हंटरला वेण्या हव्यात, इथल्या देशी पोनींना वेणी अजिबात चालत नाही, हॅकला रंगीत कपाळपट्टी शोभते पण कॉबला साधीच हवी. माझ्या कोटाच्या ट्वीडच्या रंगावरही एका बाईंनी मत दिलं. शेपट्या छाटण्याची जुनी क्रूर रीत १९४९ च्या कायद्याने बंद झाली हे चांगलंच झालं, पण परंपरेच्या नावाखाली काय काय चालत आलं होतं, हेही त्यातून दिसतं.

म्हणूनच नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला कोणी नावं ठेवली की मला राग येतो. देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) कुठे आहे, बाकीचे भोवरे कसे आहेत, घोडा पंचकल्याणी (चार पाय आणि तोंडावर पांढरा) आहे का, हे बघणाऱ्यांना इथले लोक अंधश्रद्ध म्हणतील. पण दत्तजयंतीला तापीकाठी उभा असलेला जुना व्यापारी खूर, कान आणि चाल ज्या नजरेने वाचतो, ती नजर इथल्या कुठल्याही परीक्षकाच्या तोडीची आहे. फक्त तो घोड्यावर बसून क्रम लावत नाही. तो लावू लागला तर आपले मारवाडी, काठियावाडी, भीमथडी घोडे कोणाला हार जाणार नाहीत. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई खेळांत आपल्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या) संघाने सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीत १९८२ नंतर ४१ वर्षांनी, तेव्हा मी यार्डातल्या प्रत्येकाला थांबवून ते सांगितलं होतं. "भारतात घोडे असतात?" हा प्रश्न त्यानंतर आला नाही.

आई फोनवर विचारते, "अगं, दुसऱ्याच्या घोड्यांसाठी एवढी धडपड कशाला? स्वतःचा एक घे." तिला वाटतं, परक्याचं ओझं वाहते आहे. पण इथे हौशी म्हणवणारे बहुतेक जण असेच आहेत. नर्स, ड्रायव्हर, शेतकरी, पहाटे लीद काढून कामाला जाणारे. आणि स्वतःचा एक घोडा घेतला तर मी त्याच्याच सवयीची होऊन जाईन. तीन वेगळ्या पाठींवर बसून हात जसा शिकतो, तसा एकावर शिकत नाही. कॉबला पुढच्या शोसाठी आता दुसरी स्वारही ठरली आहे, कारण त्या दिवशी पोनीच्या वर्गाची वेळ तीच आहे. ती कॉबवर पहिल्यांदाच बसणार आहे, आणि तो तिला नीट घेऊन जाईल याची मला खात्री आहे.