आतल्या रुळांवरची स्लाइड

माझ्याकडे पिस्तूल आहे ही गोष्ट आमच्या साताऱ्याच्या घरी अजूनही आवाज खाली आणून सांगितली जाते. आईने शेजारच्या काकूंना मी 'नेमबाजीच्या क्लासला जातो' असे सांगून विषय मिटवला आहे. तिचे फारसे चुकते असेही नाही, कारण आपल्याकडे पिस्तूल म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो वरातीत कमरेला लावून मिरवणारा कोणी तरी तालेवार गृहस्थ, नाही तर 'गावठी कट्ट्यासह दोघे ताब्यात' ही आतल्या पानावरची बातमी. त्या दोहोंशी माझा संबंध नाही. मला लिहायचे आहे ते एका यंत्राविषयी, जे साताऱ्याच्या एमआयडीसीत तीस वर्षे लेथ आणि मिलिंग मशीनवर उभ्या राहिलेल्या माझ्या वडिलांनी गेल्या वर्षी इथे येऊन पाहिले आणि पाहताक्षणी 'क्लिअरन्स किती ठेवलाय?', म्हणजे दोन भागांमधली फट किती, असे विचारले.

मी ब्रनोला राहतो. चेक प्रजासत्ताकातले प्रागनंतरचे हे मोठे शहर, मोराव्हिया प्रांताचे मुख्य ठिकाण. येथे नोकरी लागल्याचे कळवले तेव्हा कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी या शहराचे नाव कोणी ऐकलेले नव्हते, मात्र त्याचा अर्धा भाग आमच्या घरात दोन पिढ्या बोलला जात होता. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शेवटपर्यंत ते 'ब्रेनगन'च्या गोष्टी सांगत. ब्रेन या शब्दातले पहिले 'ब्र' म्हणजे ब्रनो आणि उरलेले 'एन' म्हणजे इंग्लंडमधले एनफील्ड. मूळ मशीनगन ब्रनोच्या कारखान्यातली, व्हाट्स्लाव्ह होलेक यांच्या हातची. इंग्रजांनी ती आपल्या काडतुसाला जुळवून घेतली आणि तीच पुढे आपल्या फौजेत आली. आजोबांना हे कधी कळले नाही. पिस्तुलाविषयी मात्र त्यांचे मत पक्के होते: ते साहेबाच्या कमरेला शोभेसाठी असते, काम करते ती ब्रेन.

'पिस्तूल' हा शब्दसुद्धा इकडचाच असावा असे एक मत आहे. पंधराव्या शतकात हुसाइट बंडखोर, म्हणजे यान हुस या धर्मसुधारकाचे अनुयायी, जी छोटी हातबंदूक वापरत तिला 'पिश्टाला', म्हणजे पावा किंवा नळी, म्हणत, आणि त्यावरून युरोपातल्या भाषांत हा शब्द पसरला असे चेक लोक अभिमानाने सांगतात. आपण शिवकालाविषयी सांगतो तसेच ते हुसाइटांविषयी सांगतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

माझे पिस्तूल म्हणजे 'चेझेट ७५' (CZ 75). ब्रनोच्या पूर्वेला, दीडेक तासाच्या अंतरावर असलेल्या उहेर्स्की ब्रोद या गावच्या कारखान्यात ते तयार झाले. आराखडा कोउत्स्की बंधूंचा. त्यातले फ्रांतिशेक कोउत्स्की निवृत्तीनंतर या कामाला बसले होते आणि कारखान्याने त्यांना जवळजवळ मोकळीक दिली होती, असे येथील जाणकार सांगतात. १९७५ साली ते माद्रिदच्या प्रदर्शनात मांडले गेले. गंमत अशी की ते ज्या ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसासाठी बनवले होते ते वॉर्सा करारातल्या, म्हणजे सोव्हिएत गटातल्या, सैन्यांचे काडतूस नव्हतेच, त्यामुळे आपल्याच देशातल्या फौजेला न चालणारी वस्तू परकीय चलनासाठी बनवायची असा तो मामला होता. उत्तम द्राक्षे पेटीत भरून बाहेर पाठवायची आणि बाजारात उरलेली आपण खायची, हे तासगावच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. त्यातही आराखड्याचे पेटंट गुप्त ठेवल्यामुळे ते परदेशात कोणाला अडवू शकले नाही, आणि इटलीसह अनेक देशांत त्याच्या बिनदिक्कत नकला निघाल्या.

मी घेतले ते जुने आहे. नळीशेजारी चाचणीगृहाची सिंहाची मुद्रा आहे आणि तिच्याजवळ ९१ हे आकडे, म्हणजे १९९१. प्रत्येक शस्त्र जादा दाबाच्या काडतुसाने तपासून मगच त्यावर ही मुद्रा उठवतात. भट्टीत भाजलेला काळा रंग कडांवर उडाला आहे आणि तिथून पोलाद दिसते. दुकानदाराने दोन चकचकीत नवी पिस्तुले शेजारी ठेवली होती, तरीही मी हेच उचलले, आणि का उचलले हे मला नीट सांगता आले ते अण्णा, म्हणजे माझे वडील, इथे आल्यानंतरच.

परवान्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण घरून सर्वांत जास्त प्रश्न तिच्यावरच येतात. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पोलिसांकडून चारित्र्याची तपासणी, चेक भाषेतली ३० प्रश्नांची लेखी परीक्षा आणि नंतर प्रत्यक्ष शस्त्र हाताळण्याची परीक्षा, असे टप्पे मी पार केले. लेखी परीक्षेसाठी मी बारावीला केला नसेल इतका अभ्यास केला, कारण चेक भाषेतल्या सात विभक्ती आणि कायद्याची भाषा एकत्र आली की माणूस हतबल होतो. हाताळणीच्या परीक्षेत नेमापेक्षा सवय पाहतात: शस्त्र हाती आले की आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायचे, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून नळीची मागची, काडतूस बसायची जागा रिकामी आहे ना ते डोळ्यांनी पाहायचे, आणि या सगळ्यात नळी कोणाकडेही वळू द्यायची नाही. नापास होणारे बहुतेक इथेच होतात.

हेच पिस्तूल मला साताऱ्यात ठेवता आले नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ९ मिलिमीटरचे हे काडतूस सर्वसामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परवाना मिळालाच तर बहुधा ०.३२ इंची पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, आणि निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा. आमच्या गल्लीतल्या एका काकांकडे असे रिव्हॉल्व्हर होते. ते कपाटात मलमलीच्या कापडात असे, आणि वर्षाकाठी त्याचा प्रवास होई तो फक्त ठाण्यापर्यंत आणि परत. त्या रिव्हॉल्व्हरमधून त्यांनी किती गोळ्या झाडल्या असतील असे मी एकदा विचारले होते, तर ते म्हणाले, "झाडायला घेतलं नाही ते, असायला घेतलंय."

आणि एक गोष्ट लिहिली नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. २१ डिसेंबर २०२३ रोजी प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात एका विद्यार्थ्याने गोळीबार केला आणि १४ जणांचा जीव घेतला. त्याच्याकडची शस्त्रे परवान्याची होती. त्यानंतर दोन-अडीच महिने मी कपाट उघडले नाही. क्लबमध्येही लोक येत, कॉफी पीत, आणि न बोलता परत जात. नंतर कायदा बदलला, संशयास्पद खरेदीची माहिती पोलिसांना देणे विक्रेत्यांवर बंधनकारक झाले, आणि माझ्या ओळखीच्या एकाही नेमबाजाने त्याबद्दल कुरकुर केलेली मी ऐकली नाही. आपण ज्याचे कौतुक करतो ती वस्तू मुळात कशासाठी बनली आहे हे मी तेव्हापासून विसरत नाही, आणि तरीही तिचे कौतुक करतो. हा अंतर्विरोध माझ्याकडून सुटलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा दोन महिन्यांसाठी आले. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती घरी शस्त्र देता येत नाही, म्हणून मी अण्णांना नेमबाजीच्या रेंजवर नेले, जिथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पाहुण्याला ते हाताळता येते. प्रशिक्षक साठीचे, स्वतः मूळचे टूलरूममधले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि पाच मिनिटांनंतर माझी दुभाष्याची गरज संपली होती.

पिस्तूल रिकामे करून मी टेबलावर उघडले. चेझेटच्या डाव्या बाजूला, मागे, चौकटीवर, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या भागावर, एक खूण असते आणि स्लाइडवर एक. स्लाइड जराशी मागे नेऊन त्या दोन्ही खुणा समोरासमोर आणल्या की उजवीकडून खिटी दाबून डावीकडे काढता येते, आणि मग वरचा सगळा भाग पुढे सरकून हातात येतो. स्लाइड, स्प्रिंग, तिची दांडी, नळी. हत्याराशिवाय चार तुकडे. अण्णांनी चष्मा लावला, नळी उचलली आणि तिच्या खालच्या बाजूचे मूत्रपिंडाच्या आकाराचे भोक पाहून लगेच म्हणाले, "हे कॅम हाय." बरोबर होते. गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि स्लाइड वरच्या खाचांनी एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दोघी मिळून मागे सरकतात, थोडे अंतर गेल्यावर खिटी त्या भोकात नळीचे बूड खाली ओढते, खाचा सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

मग त्यांनी स्लाइड घेतली आणि उलटी केली. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड चौकटीला बाहेरून कवेत घेते. चेझेटमध्ये उलट आहे: स्लाइडचे रूळ चौकटीच्या आतून धावतात, स्विस बनावटीच्या पी-२१० मध्ये धावतात तसे. त्यामुळे रूळ लांब ठेवता येतात आणि नळी मुठीच्या वर कमी उंचीवर बसते, म्हणून झटका हातात सरळ मागे येतो, नळीचे तोंड फारसे उसळत नाही. अण्णांनी स्प्रिंगशिवाय स्लाइड चौकटीवर चढवली, पिस्तूल तिरके धरले आणि कानाजवळ नेले. स्लाइड आपल्या वजनाने सावकाश खाली घसरली. "आवाज न्हाई. म्हंजी प्ले न्हाई." चौतीस वर्षे वापरलेल्या यंत्राबद्दल ते हे बोलत होते.

त्यानंतर त्यांनी अंगठ्याचे नख स्लाइडच्या आतल्या छताला घासले आणि मला दाखवले. तिथे मिलिंग कटरचे ओरखडे जसेच्या तसे होते, कोणी कानसही फिरवलेली नव्हती. मला वाटले ते नाराज झाले. ते खूष झाले होते. "जिथं काही घासत न्हाई तिथं पॉलिश केली न्हाई. जिथं घासतंय तिथं बघ," असे म्हणून त्यांनी माझे बोट रुळावर फिरवले, आणि रूळ काचेसारखा होता. दुकानात मी नव्या पिस्तुलांकडे पाठ का फिरवली होती ते मला तिथे कळले. ज्याने हे बनवले त्याच्याकडे वेळ मोजका होता, आणि तो त्याने नेमका कुठे खर्च केला हे पोलादावर वाचता येत होते.

दोषही त्यांनीच काढला. स्लाइड आत गेल्यामुळे बोटांना पकडायला बाहेर थोडीच पट्टी उरते. ओल्या हातांनी ती ओढताना माझीही तारांबळ उडते. "ह्याला धरायचं कुठं रं? सायबाची बोटं नाजूक असत्यात व्हय?" मी प्रशिक्षकांना त्याचा अनुवाद केला, तेव्हा ते म्हणाले की कोउत्स्कींना ही तक्रार पन्नास वर्षे उशिरा पोहोचली.

शेवटी अण्णांनी पाच गोळ्या झाडल्या. पहिली कागदाच्या खाली गेली, कारण घोडा खाली असला की चेझेटचा पहिला चाप लांब आणि जड असतो, तोच घोडा उचलतो आणि तोच सोडतो. घोडा मागेच राहिल्याने पुढचे चाप हलके होतात, आणि पुढच्या चारही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. त्यांनी निशाणाकडे ओझरते पाहिले आणि पुन्हा स्लाइड मागे घेऊन आत डोकावले.

आता दर रविवारी फोनवर आईचे बोलणे झाले की अण्णा येतात. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारले, रुळाला तेल लावतोस की ग्रीस? मी तेल म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"थंडीत ठीक हाय," ते म्हणाले. "मार्चनंतर ग्रीस लाव. पातळ हात फिरव, थापू नको."