नका येऊ म्हणून फोन मीच केला होता

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी एन्डोस्कोपी टेक्निशियन आहे. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि वरून सांगितलं की फक्त इमर्जन्सी घ्या, कारण तोंडातून दुर्बीण घालताना पेशंट खोकतो, ओकाऱ्या काढतो, सगळं आपल्याच तोंडावर उडतं. मग काय, रजिस्टर घेऊन बसलो आणि एकेकाला फोन, सध्या नका येऊ, नंतर कळवतो.

त्यात एक मामा होते, लिव्हर खराब, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या. फेब्रुवारीत पहिलं बँडिंग झालेलं, म्हणजे दुर्बिणीतून त्या शिरांना रबराचे बँड लावलेले. ते एकदा करून भागत नाही, दोन-चार आठवड्यांनी परत, शिरा बसेपर्यंत. मामा म्हणाले, "बरं झालं साहेब, तसंबी एसटी बंदच हाय." मी म्हणालो गोळ्या तेवढ्या चालू ठेवा.

जुलैत पोरानं त्यांना टेम्पोतून आणलं, रक्ताच्या उलट्या, अंगावरचं धोतर भिजलेलं. गोळ्या मे महिन्यातच संपल्या होत्या. कोरोनाच्या ट्रूनॅट टेस्टचा रिपोर्ट यायला तास-दीड तास, तेवढं थांबणार कोण, पॉझिटिव्ह धरूनच आत घेतलं. एसी बंद, किटमधे घामाची आंघोळ, सरांच्या गॉगलवर वाफ, स्क्रीनवर नुसतं लाल, त्यात सक्शन गुठळीनं चोक. आधी साधी दुर्बीण घालून बघायचं, मग बाहेर काढून टोकाला बँडचा सेट चढवायचा, एरवी मी हे डोळे झाकून करतो हो, पण दोन-दोन ग्लोव्ह्ज घालून तो दोरा काही हातात येईना, आणि सर ओरडतायत. (नंतर सॉरी म्हणाले, ते सोडा.) चौथ्या बँडला रक्त थांबलं. रिपोर्ट नंतर निगेटिव्ह आला.

आमच्याकडे दुर्बीण एकच. ती धुवून जंतू मारायच्या ग्लुटाराल्डिहाइडमधे २० मिनिटं बुडवून ठेवली आणि तेवढ्या वेळात मार्चचं रजिस्टर काढलं, सरांना न विचारताच फोन लावायला लागलो. पहिला नंबर बंद. दुसऱ्यानं पुण्यात करून घेतली म्हणे. तिसरं नाव एका बाईंचं, पुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं, घास अडकतो, दोन महिने. फोन मुलानं उचलला. मी म्हणालो, आईंना तपासणीला घेऊन या, आता सुरू केलंय.

तो म्हणाला, "आई जूनमधे गेली. कुठली तपासणी?"