बाटलीच्या तळाशी बसलेली वाळू

दोन तळघरांसाठी ९ मीटर खोल खड्डा घ्यायचा होता आणि बोअरमध्ये पाणी लागलं होतं ३ मीटरवर. साइटवरची माझी ही पहिली खोल खोदाई. शोरिंग म्हणजे माती अडवणं आणि डीवॉटरिंग म्हणजे पाणी उपसणं, अशी माझ्या डोक्यात दोन वेगळी खाती होती. ती एकच आहेत हे मला एका रात्रीत कळलं.

चारही बाजूंनी शेजारी शेजारी पाइल, म्हणजे काँक्रीटचे खोल खांब, उतरवून भिंत केली होती. पण अशा दोन पाइलमध्ये बोटभर ते वीतभर फट राहतेच. तिथून पाणी झिरपावं, तळाच्या चरातून सम्पमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात, जावं आणि सबमर्सिबल पंपाने बाहेर पडावं, अशी रचना होती. अडीच मीटरवर स्ट्रटची, म्हणजे भिंतींना आतून टेकू देणाऱ्या आडव्या स्टीलच्या दांड्यांची, पहिली रांग बसली होती. दुसरी ६ मीटरवर बसायची होती.

सहा मीटरच्या थोडं खाली पोचलो त्या संध्याकाळी एका कोपऱ्यातली धार गढूळ झाली. आदल्या दिवशीही पाणी येत होतं, पण स्वच्छ. मुकादम म्हणाले, "साहेब, सिमेंट मारून फट बंद करू, सकाळपर्यंत कोरडं होईल." मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आमचे वरिष्ठ इंजिनिअर आले. त्यांनी पाण्याची रिकामी बाटली धारेखाली धरली, भरली आणि बाजूला ठेवून दिली. दहा मिनिटांत तळाशी बोटभर बारीक वाळू बसली. ते म्हणाले, "पाणी येऊ दे. ही वाळू आली नाही पाहिजे."

मग त्यांनी हिशेब समजावला. अडलेल्या पाण्याचा दाब दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे साधारण १ टन वाढतो. भिंत पूर्ण बंद केली की मागचं पाणी पुन्हा ३ मीटरच्या पातळीला चढणार. म्हणजे ९ मीटरच्या तळाशी नुसत्या पाण्याचा ६ टन दाब, मातीचा वेगळा. आमच्या भिंतीचं डिझाइन पाणी वाहतं राहील असं धरून केलेलं होतं. दुसरीकडे वाळू वाहत राहिली, तर भिंतीमागे पोकळी होणार आणि वरची जमीन बसणार.

त्या रात्री पहिलं काम म्हणजे खोदाई थांबवली आणि पोकलेनने कोपऱ्यात भिंतीला टेकून मातीचा ढीग परत घातला. खोदलेलं पुन्हा भरताना जिवावर येतं, पण भिंतीला लगेच आधार देणारं दुसरं काहीच हाताशी नव्हतं. मग फटीवर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड, त्याला लागून जाड वाळू, वाळूवर खडी आणि त्यातून बाहेर काढलेला भोकांचा पाइप. वरून वाळूच्या गोण्या रचल्या. पाण्याला वाट आणि मातीला अडसर. दर अर्ध्या तासाला मी बाटली भरत होतो. पहाटे चारच्या बाटलीत तळ दिसला.

उजाडल्यावर वर जाऊन पाहिलं तर काठापासून दोन मीटरवर, काठाला समांतर, नखाएवढी रुंद भेग. सेटलमेंटचा, म्हणजे जमीन किती बसली त्याचा, आकडा ११ मिलिमीटर. आमच्या कागदावर १० ला सावध आणि २० ला काम बंद असं लिहिलेलं होतं. आकडे आणि त्यावर काय करायचं ते आधी ठरवून, जमीन कशी वागते ते पाहत पुढे जायची ही पद्धत माती आणि पायांचे इंजिनिअर राल्फ पेक यांनी १९६९ च्या रँकिन व्याख्यानात, म्हणजे याच विषयावरच्या नावाजलेल्या वार्षिक व्याख्यानात, नीट मांडली. त्या सकाळी त्या कागदाचा मला फार आधार वाटला. काठावरचा स्टीलचा ढीग हलवला, भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती बुजवली आणि पुढे पोकळीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरला.

दुसरी रांग उरकायची घाई सगळ्यांनाच होती. वरिष्ठांनी प्रत्येक वेल्डिंग स्वतः पाहिलं. २००४ मध्ये सिंगापूरला निकोल हायवेलगतचं मेट्रोचं खोदकाम कोसळून ४ जण गेले, तेव्हा आधी निकामी झाले ते स्ट्रट आणि वेलर (भिंतीलगतची आडवी तुळई) यांचे जोड. म्हणून वेल्डिंग तपासण्यात दोन दिवस जास्त गेले याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तळ गाठणं, पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर), राफ्ट (पूर्ण तळभर पसरलेला काँक्रीटचा पाया) हे सगळं सुरळीत झालं. राफ्ट झाल्यावर मालक विचारू लागले, आता पंप कशाला? १ मीटर जाड राफ्टचं वजन चौरस मीटरमागे अडीच टन आणि खालून पाण्याची उचल ६ टन. पंप बंद केले असते, तर इमारत पाण्याने वर उचलली जाऊ लागली असती. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून होईपर्यंत पंप चालू ठेवले, जनरेटरही तयारीत. मग एकेक पंप बंद केला आणि दरवेळी एक दिवस थांबून पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा दाब दाखवणारं यंत्र, वाचला.

शेवटचा पंप बंद करण्याआधी मी सवयीने बाटली भरली. पाणी नितळ होतं.