बस घ्यायला पैसे आहेत, चालवायला नाहीत

अमेरिकेतल्या शहरांत बस वेळेवर का येत नाही, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'तिथे सगळ्यांकडे गाड्या असतात'. हे खोटं नाही, पण खरी मेख जमाखर्चात आहे.

नवी बस घेताना किमतीचा साधारण ८० टक्के भार वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, उचलतं. तीच बस चालवणाऱ्याच्या पगाराला मात्र मोठ्या शहरांत तिथून जवळजवळ काही मिळत नाही. १९९८ च्या कायद्याने दोन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरी भागांचं संचलन अनुदान, म्हणजे बस रोज चालवण्याच्या खर्चाची केंद्राची मदत, बंद केलं (लहान ताफ्यांना पुढे थोडी सूट मिळाली). देखभाल भांडवली खर्चात दाखवता येते, चालकाचा पगार नाही. मग उरतात तिकिटं, स्थानिक कर आणि राज्याची मर्जी. मंदीत विक्रीकर आटतो आणि फेऱ्या नेमक्या तेव्हाच कापल्या जातात.

फिलाडेल्फियात २०२५ मध्ये हेच झालं. तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेला, सेप्टाला, सुमारे २१.३ कोटी डॉलरची तूट होती, ऑगस्टमध्ये ३२ बसमार्ग बंद झाले. पुढच्याच महिन्यात राज्याने तोडगा काढला: भांडवली निधीतले ३९.४ कोटी डॉलरपर्यंत दोन वर्षांत रोजच्या खर्चाला वापरा. म्हणजे दुरुस्तीचे पैसे पगारात. त्याच वर्षी तिथल्या सत्तरच्या दशकातल्या लोकल डब्यांना आगी लागत होत्या!

दुसरी कपात कुणी जाहीर करत नाही, ती वाहतूक कोंडी करते. शेवटच्या थांब्यावरची विश्रांती धरून जाऊन-येऊन ६० मिनिटं लागत असतील, तर दर १५ मिनिटांनी बस द्यायला ४ गाड्या पुरतात. कोंडीमुळे तीच फेरी ७५ मिनिटांची झाली की पाचवी बस आणि पाचवा चालक हवा. तो नसेल तर दोन बसमधलं अंतर जवळपास १९ मिनिटांवर जातं. बहुतेक संस्था आधी विश्रांतीची वेळ खातात, आणि ही सगळ्यात वाईट युक्ती आहे. मागची फेरी उशिरा संपली की पुढची उशिरा सुटते. उशिराच्या बससाठी थांब्यावर जास्त लोक साठतात, ते चढेपर्यंत ती आणखी रेंगाळते, मागची रिकामी बस तिला गाठते. मग अर्धा तास काही नाही आणि नंतर दोन एकदम.

यावर उपाय स्वस्त आहेत. तिथे थांबे अनेकदा दोन-अडीचशे मीटरवर असतात, ते चारशेवर न्यावेत. वेग कमी करणं, दारं उघडणं-मिटणं आणि पुन्हा वेग घेणं यात एका थांब्याला वीसेक सेकंद जातात. एका बाजूला असे १२ थांबे टळले तर जाऊन-येऊन ८ मिनिटं वाचतात. शिवाय सगळ्या दारांतून चढू द्यावं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ पासून ते सुरू केलं. पुढच्या दारात तिकिटासाठी रांग लावण्यापेक्षा तपासनीस ठेवणं बरं.

मात्र थांबा हलवायचा म्हटलं की सुनावणीला त्या थांब्याचे सगळे कैवारी हजर. आणि वाचलेली मिनिटं त्याच मार्गाच्या फेऱ्यांत घालायची हे आधीच ठरावात लिहून घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या अर्थसंकल्पात त्या मार्गाची एक बस गुपचूप काढून घेतात.