बर्लिनचं ज्यू संग्रहालय : तळघरात दमू नका, खरा ऐवज वर आहे

हालेशेस टोअर स्टेशनवरून संग्रहालय चालत दहाएक मिनिटांवर. वास्तुकार दानिएल लिबेस्किंडची जस्ताच्या पत्र्याने मढवलेली वेडीवाकडी इमारत लांबूनच दिसते, पण तिला रस्त्याकडून दारच नाही. शेजारच्या १७३५ सालच्या जुन्या वास्तूतून आत शिरायचं, बॅगांची तपासणी करून घ्यायची आणि जिना उतरून तळघरात जायचं.

इथे तीन रस्ते फुटतात. बहुतेक जण गडबडतात ते ‘निर्वासनाच्या बागे’त. काँक्रीटचे ४९ खांब, सात-सातच्या ओळी, आणि जमीन अशी तिरपी की दोन मिनिटांत गरगरायला लागतं. ते मुद्दामच केलंय. गुडघे दुखत असतील तर खडबडीत फरसबंदीवर बेताने चाला. ४८ खांबांत बर्लिनची माती आहे, एकात जेरुसलेमची.

इस्रायली शिल्पकार मेनाशे कादिशमान यांची ‘शालेखेत’ (गळलेली पानं) ही मांडणी चुकवू नका. जाड पोलादातून कापलेले दहा हजारांवर चेहरे जमिनीवर पसरलेत. त्यांच्यावरून चाललं की पत्रे एकमेकांवर आपटतात आणि तो खणखणाट उंच रिकाम्या भिंतींत घुमत राहतो. पाय घसरतो, सपाट तळव्याचे बूट हवेत.

बरेच पर्यटक एवढ्यावरच परततात. नूतनीकरण झालंय ते मात्र वर. २००१ पासूनचं जुनं प्रदर्शन २०१७ च्या अखेरीस बंद झालं आणि ऑगस्ट २०२० मध्ये नवं उघडलं. लांबलचक जिना (लिफ्टही आहे) चढून थेट दुसऱ्या मजल्यावर जा आणि तिथून बघत खाली या. उलट गेलात तर काळाचा क्रम बिघडतो. इतिहासाच्या दालनांच्या मधेमधे तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ), शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस), संगीत अशी दालनं येतात. अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांतला शुक्रवारचा दिवा पाहिलेल्याला शब्बाथचं दालन परकं वाटणार नाही. नाझी काळाच्या दालनात ज्यूविरोधी नऊशेहून अधिक फतवे छापलेले लांब पट्टे छतापासून लोंबतात. त्यातले क्षुल्लक वाटणारे हुकूम मुद्दाम वाचा. माणसाचं रोजचं जगणं कसं आवळत नेलं, ते मोठ्या कायद्यांपेक्षा त्यांतच नीट कळतं.

वरच्या मजल्यांना किमान तीन तास द्या, तळघराला एक पुरे. शनिवारी संग्रहालय उघडं असतं. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) या सणांना बंद. त्या तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधीच पाहून घ्या. बरोबर लहान मुलं असतील तर रस्त्यापलीकडच्या जुन्या फूलबाजारात नोहाच्या नौकेच्या कथेवरचं ‘आनोहा’ हे मुलांचं संग्रहालय आहे. त्याची वेळ आधी वेगळी राखून ठेवावी.