गटारांचा नकाशा आणि ३५ सेंटीमीटर डांबर

पावसाळी गटारांचा नकाशा म्हणजे रेघा ओढायच्या, असं मला काम सुरू होईपर्यंत वाटत होतं. जुना आराखडा स्कॅन केला, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्त्यांवर बसवला आणि दोन दिवसांत जाळं तयार झालं. दिसायला झकास. पण कुठला पाइप किती खोल आहे हे त्यात नव्हतंच, आणि पाणी काही रेघ बघून वाहत नाही.

मग चेंबर उघडणं आलं. झाकण काढायचं, आतला वायू निघून जाईपर्यंत थांबायचं (पावसाळी गटारातही कुणीतरी सांडपाणी जोडलेलं असतं, त्यामुळे आत उतरायचं नाही), वरून स्टाफ (आकडे लिहिलेली मोजकाठी) सोडायचा आणि पाइपाच्या तळाची खोली वाचायची. झाकणाच्या लेव्हलमधून, म्हणजे उंचीतून, ती वजा केली की पाइपाची तळपातळी. स्टाफ गाळावर टेकला तर आकडा फसवा येतो, म्हणून दोनदा ठोकून बघायचं. गाळ असेल तर आवाज बसका, काँक्रीट लागलं की खणखणीत.

जी झाकणं निघेनात, त्यांची खोली मी आराखड्यातून उचलली. तिथेच फसलो. एका गल्लीत पाइप उलट्या उताराचा निघाला आणि पाणी तुंबण्याचं कारण सापडलं म्हणून मी खूश! गाळ काढणारे एक काका सोबत होते. ते म्हणाले, "साहेब, हा कागद झाल्यावर रस्त्यावर किती थर पडले, ते मोजलंत का?"

पहार लावून एक झाकण उघडलं. आराखड्यात खोली १.८० मीटर, प्रत्यक्षात २.१५. डांबराबरोबर झाकणही वर आलं होतं, आणि नव्या उंचीतून जुनी खोली वजा करून मी पाइप ३५ सेंटीमीटर वर उचलून ठेवला होता. ५०० मीटरला १ मीटर उतार असलेल्या पाइपाला तेवढं खाली यायला १७५ मीटर लागतात. उलटा उतार आकडा सुधारताच गायब.

खरी गडबड पुढे होती. ९०० मिलिमीटर व्यासाचा पाइप एका चेंबरमध्ये येऊन ६०० च्या पाइपात शिरत होता. तिथवर ६ हेक्टरांचं पाणी येतं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि ०.८ गुणांक (पडलेल्या पावसातला ०.८ भाग वाहून गटारात येतो असं) धरला तर सेकंदाला साधारण ०.६७ घनमीटर. या उतारावर ९०० चा पाइप पूर्ण भरून ०.८ च्या आसपास नेतो, ६०० चा जेमतेम ०.२७. तोही गाळ नसेल तर.

एसडब्ल्यूएमएम या गटारातल्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे चालवलं तेव्हा पाणी त्या चेंबरमधून वर आलंच नाही. ते दोन चेंबर मागे, रस्ता खोलगट आहे तिथल्या झाकणातून वर आलं. काकांना दाखवलं तर म्हणाले, "दरवर्षी आम्ही इथलाच तर गाळ काढतो."

नऊ झाकणं अजून डांबराखाली आहेत. त्यांच्या तळपातळ्या अंदाजाने भरल्यात, आणि त्यांना जोडणारे पाइप मी नकाशात तुटक रेघांनी दाखवलेत.