गोठतंयही, वाहतंयही

"बोटं काळीनिळी पडलीत म्हणजे रक्त गोठतंय ना? मग सुई टोचली तिथून ते थांबत का नाही?" आयसीयूबाहेर मैत्रिणीने डॉक्टरांना विचारलं. आत तिचे बाबा, सेप्सिस.

डॉक्टर म्हणाले, "गोठायला लागणारा मालच संपलाय."

हे वाक्य काही डोक्यातून जात नाही.

सेप्सिससारख्या तीव्र जंतुसंसर्गात शरीर रक्त गोठवायची यंत्रणा एकदम सगळीकडे सुरू करतं. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्या विरघळवणारी व्यवस्थाही दबते. मूत्रपिंडं, फुप्फुसं, बोटं यांना रक्त कमी पडतं. या धांदलीत गुठळी बांधणाऱ्या रक्तपेशी, म्हणजे प्लेटलेट, आणि त्यांना जोडणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन खर्ची पडतात, आणि मग साध्या टोचणीतूनही रक्त झिरपत राहतं. डीआयसी म्हणतात ते हेच.

बाहेर प्रत्येकाचं एकच, प्लेटलेट चढवा! रक्तस्राव होत असेल तर साधारण 50 हजारांखाली त्या चढवतातच. नसेल तर आकडा बराच खाली जाईपर्यंत थांबतात, उलट काहींना हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, छोटा डोस देतात. (ऐकून मीही चक्रावले.) खरा उपचार अँटिबायोटिक, आणि कुठे पू साचला असेल तर तो काढणं.

गोठण्यालाच आवर घालणारं ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे औषध 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत मृत्यू काही कमी झाले नाहीत, 2011 मध्ये ते बाजारातून गेलं.

प्लेटलेटचा आकडा आम्ही सगळे सारखा विचारतोय. संसर्ग सुरू कुठून झाला, हे का कोणी विचारत नाही?